मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स: शेवट दमदार, वाट कमजोर? (तिन्ही भागांची गोष्ट फोडलेली आहे)

तळजाई

ज्यांनी तिन्ही भाग पाहिलेले नाहीत त्यांनी आधी सिनेमे बघून या, मग वाचा.

मॅट्रिक्सचा विषय निघाला की पहिल्या भागाबद्दल (१९९९) सगळे भरभरून बोलतात, दुसऱ्या भागातला, म्हणजे रीलोडेडमधला, हायवेवरचा पाठलाग प्रत्येकाला आठवतो, आणि तिसऱ्याचं नाव काढलं की "तो सोड गं" म्हणून विषय संपतो. परवा गुडलकला बसलो होतो तेव्हाही हेच झालं, तिथे गोंगाटात मुद्दे नीट मांडता येत नाहीत म्हणून इथे सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं असं की रेव्होल्यूशन्सचा शेवट हा साय-फाय सिनेमातल्या सगळ्यात धाडसी शेवटांपैकी एक आहे, आणि सिनेमा फसलाय तो त्या शेवटापर्यंत जाण्याच्या वाटेत. लोक दोन्ही एकत्र करून सगळंच टाकून देतात ते मला पटत नाही.

आधी शेवट. मॅट्रिक्स म्हणजे मशीन्सनी झोपवून ठेवलेल्या माणसांना दाखवलेलं खोटं जग, निओ त्यातून बाहेर पडलेला नायक, आणि स्मिथ हा बेलगाम झालेला प्रोग्राम, जो दिसेल त्याला गिळून स्वतःसारखं करतो. तर त्या स्मिथने अख्खं शहर गिळलंय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्मिथच उभे आहेत, पाऊस कोसळतोय, आणि दोन सिनेमे आपण ज्याची वाट बघितली ती मारामारी सुरू होते. निओ पडतो, उठतो, पुन्हा पडतो. स्मिथ त्याला विचारतो की हे सगळं कशासाठी चाललंय, तू परत परत का उठतोयस, आणि निओ सांगतो की मी तसं ठरवलंय म्हणून. इथपर्यंत कुठल्याही हिरोच्या सिनेमात चालेल असं आहे. पण यानंतर निओ लढणं थांबवतो आणि स्मिथला स्वतःला गिळू देतो. त्याचं खरं शरीर त्या वेळी मशीन्सच्या शहरात, मशीन्सच्याच तारांना जोडलेलं आहे, त्यामुळे स्मिथ निओत शिरल्या शिरल्या मशीन्सना स्मिथपर्यंत पोचायची वाट मिळते आणि एकेक करून सगळे स्मिथ फुटतात. म्हणजे निओ स्वतःच दार होतो. मशीन्स नष्ट होत नाहीत, मॅट्रिक्स बंद पडत नाही, झायनवरचा, म्हणजे सुटलेल्या माणसांच्या शहरावरचा, हल्ला थांबतो आणि ज्यांना बाहेर पडायचंय त्यांना पडू दिलं जाईल एवढं ठरतं. इतक्या महागड्या सिनेमात शत्रूशी समझोता करून गोष्ट संपवायची याला हिंमत लागते.

आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मारामारीच्या शेवटी खड्ड्यात निओसमोर जो स्मिथ उभा आहे तो ऑरॅकलला, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या प्रोग्रामला, गिळलेला स्मिथ आहे. तो बोलता बोलता अचानक म्हणतो की ज्याला सुरुवात आहे त्याला शेवट आहे, आणि समोरच्याला हाक मारतो "निओ". एरवी मारामारीत तो कायम मिस्टर अँडरसन, मिस्टर अँडरसन (निओचं मॅट्रिक्समधलं नाव) करत आलेला असतो. आपल्या तोंडून हे काय निघालं म्हणून तो स्वतःच घाबरतो. स्मिथ झालेल्या ह्युगो वीव्हिंगने ते दोन सेकंद जे काही केलंय त्यावरून कळतं की ऑरॅकल आत अजून आहे, स्वयंपाकघरात खुर्चीवर शांत बसून तिने स्वतःला गिळू दिलं ते याच क्षणासाठी. निओ पुढे जे करतो ते तिने आधीच करून दाखवलेलं असतं, आणि सिनेमा हे कुठेही बोलून दाखवत नाही.

आता वाटेचं. निओ सुरुवातीला बेशुद्ध, मॅट्रिक्स आणि मशीन्सचं जग यांच्या मधल्या रेल्वे स्टेशनात अडकलेला. त्याला सोडवायला त्याची प्रेयसी ट्रिनिटी, त्याला मॅट्रिक्समधून बाहेर काढणारा मॉर्फिअस आणि ऑरॅकलचा रक्षक सेराफ मेरोविंजियनच्या क्लबात जातात, तिथे छतावर चालणाऱ्या माणसांशी गोळीबार होतो जो पहिल्या भागातल्या लॉबीची फिकट नक्कल आहे. मेरोविंजियन आणि पर्सेफनी एवढी रंगतदार पात्रं, एका प्रसंगात येतात आणि नंतर गायब. मग निओ आणि ट्रिनिटी मशीन्सच्या शहराकडे निघतात, आणि आपण झायनमध्ये अडकतो ते बराच वेळ तिथेच. कॅप्टन मिफुने, तो किड, लिंकची बायको झी, यांच्यावर सिनेमा इतका वेळ देतो की मधे विसरायला होतं की ही गोष्ट कुणाची आहे. आणि मॉर्फिअस! ज्याच्या श्रद्धेवर अख्खी गोष्ट उभी राहिली तो माणूस शेवटच्या भागात जहाज चालवणाऱ्या नायोबीच्या शेजारी बसून बटणं दाबतो. रीलोडेडच्या शेवटी त्याचं जहाज त्याच्या डोळ्यांदेखत जातं, निओ युद्ध संपवेल ही भविष्यवाणी खोटी होती हे कळतं. अशा माणसाचं पुढे काय होतं हा अख्ख्या सिनेमाचा विषय होऊ शकला असता, आणि त्याला त्यावर धड एक प्रसंग नाही.

तुमची मतं लिहा. नुसतं "बोअर आहे" नको, कुठे आणि का ते लिहा.

रीळ

छान मांडलंयस, शेवटाबद्दल बऱ्यापैकी सहमत, झायनबद्दल नाही.

झायनची लढाई वेगळी काढून बघ. तो ड्रिल छत फोडून खाली येतो तिथपासून सेंटिनल्सचा, म्हणजे उडत्या मारेकरी मशीन्सचा, लोंढा झायनच्या डॉकमध्ये शिरतो, मग चालत्या लोखंडी सांगाड्यात बसलेली माणसं वर तोंड करून गोळ्या झाडतायत, हे २००३ सालचं काम आहे आणि आजही मोठ्या पडद्यावर अंगावर येतं. आवाजाचं काम बघ. दारूगोळा भरायची गाडी ढकलतानाचा खडखडाट, गोळ्या संपल्यावरचा तो रिकामा आवाज. सांगाडे चालवणाऱ्यांना समोर काच नाही, संरक्षण नाही, उघडेच बसलेत. झायनची माणसं कशी जगतात, काय पणाला लावतात ते एवढ्या एका गोष्टीवरून कळतं.

आणि हॅमर जहाज त्या अरुंद नळीतून नायोबी चालवत आणते तो भाग तर मला तिन्ही सिनेमांतला ताणाच्या बाबतीत सगळ्यात नीट बांधलेला वाटतो. जहाज पोचतं, ईएमपी, म्हणजे यंत्रं बंद पाडणारा झटका, सोडतात, सेंटिनल्स पडतात, पण त्याच झटक्यात झायनची स्वतःची यंत्रंही मरतात. जिंकलो म्हणेपर्यंत कळतं की आता पुढच्या लाटेसाठी हातात काहीच नाही. हे लिखाण कमजोर म्हणता येणार नाही.

माझ्या मते खरी अडचण बांधणीची आहे. दुसरा आणि तिसरा एकत्रच शूट झाले, मे २००३ आणि नोव्हेंबर २००३ असे सहा महिन्यांच्या अंतराने आले. ही एकाच लांब सिनेमाची दोन अर्धुकं आहेत. विचार करायला लावणारा सगळा भाग पहिल्या अर्धुकात गेला, लढाई दुसऱ्यात आली. मॅट्रिक्स बनवणारा आर्किटेक्ट सांगतो की निओ हा सहावा तारणहार आहे, झायन याआधी पाच वेळा नष्ट झालंय, आणि हा केवढा मोठा धक्का आहे! त्यावर पात्रांनी बोलायला हवं होतं ते तिसऱ्यात कुणी बोलतच नाही. झायनच्या लोकांना हे कळतं तरी का? मॉर्फिअसला हे पचवायला जागा मिळाली असती तर तुझी तक्रारही मिटली असती.

निळी गोळी

मी विरुद्ध बाजूने लिहितो. शेवट धाडसी असेल, पण धाडस म्हणजे नीट विणलेली गोष्ट नव्हे.

पहिली अडचण. रीलोडेडच्या शेवटी निओ खऱ्या जगात हात वर करून सेंटिनल्स थांबवतो. मॅट्रिक्सच्या आत तो उडतो ते ठीक, तो कोड वाचतो. बाहेर कसं? तेव्हा आम्ही सगळे रात्र रात्र वाद घालत होतो की खरं जग हेही मॅट्रिक्सचाच आणखी एक थर असणार. तिसऱ्यात ऑरॅकल दोन वाक्यांत सांगते की त्याची शक्ती थेट सोर्सपर्यंत, म्हणजे मशीन्सच्या मुळापर्यंत, पोचते. बस. एवढं मोठं कोडं घालून हे उत्तर? त्यापेक्षा उत्तर दिलंच नसतं तर बरं.

दुसरी अडचण. मशीन्सच्या शहरात निओ ज्याच्याशी सौदा करतो त्याचं नावच डेउस एक्स माकिना ठेवलंय. ग्रीक नाटकात सगळं अडकलं की वरून देव उतरवून गुंता सोडवायचे, त्याला म्हणतात तसं. नाव ठेवून लेखकांनी आपल्याला ते ठाऊक आहे हे दाखवलंय, पण ठाऊक असल्याने अडचण सुटत नाही. एवढ्या मशीन्सना स्मिथ आवरत नाही हे आपण फक्त निओच्या तोंडून ऐकतो. स्मिथ मशीन्सच्या शहरापर्यंत कसा पोचणार होता, ते किती घाबरलेत, यातलं काहीच दिसत नाही. ज्या धोक्यामुळे समझोता होतो तो धोका दाखवायलाच हवा होता.

तिसरी, ट्रिनिटीचा मृत्यू. २००३ ला पिक्चर बघितला तेव्हा मागच्या रांगेतली पोरं त्या प्रसंगात चुळबुळ करायला लागली होती आणि मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्या प्रसंगाची लांबी त्यांच्याच बाजूने होती. छातीतून सळया आरपार गेलेल्या बाईला इतका वेळ बोलायला लावू नये.

अनुष्टुभ

संगीताबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण आपल्या लोकांना तर ते सगळ्यात आधी ऐकू यायला हवं.

शेवटच्या मारामारीमागे जो प्रचंड कोरस आहे तो संस्कृतात गातोय. संगीतकार डॉन डेव्हिस. एवढा मोठा कोरस घेऊन त्यांच्याकडून नुसते आ-ऊ गाऊन घेणं वाया जाईल असं त्याने दिग्दर्शकांना सांगितलं, आणि मग वाचोव्स्की भगिनींनी त्याला उपनिषदांतले उतारे आणून दिले. धृपदासारखं जे परत परत येतं ते आपल्याकडे शाळेच्या प्रार्थनेत म्हणतात तेच, असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय, मृत्योर्मा अमृतं गमय. बृहदारण्यकातलं. शेवटच्या श्रेयनामावलीत जे नवरस नावाचं गाणं आहे, ज्यूनो रिॲक्टर या संगीत-गटाबरोबर केलेलं, त्यातही हेच शब्द आहेत. उच्चार पाश्चात्त्य कोरसचे आहेत, शिवाय वर पितळी वाद्यांचा मारा, त्यामुळे पहिल्यांदा पटकन ओळखू येत नाही. एकदा ओळखलं की मात्र सोडवत नाही.

आता हे नुसतं सजावटीला लावलंय का? मला वाटतं नाही. गोष्ट बघा. झायनच्या बेन नावाच्या माणसाच्या अंगात शिरलेला स्मिथ निओचे डोळे जाळतो. त्यानंतर निओला खरं जग दिसत नाही पण मशीन्स दिसतात, आणि कशा दिसतात तर सोनेरी प्रकाशाच्या. जे शहर आपल्याला काळं, काटेरी, भीतिदायक दिसतं ते त्याला उजेडाचं दिसतं. तो ट्रिनिटीला तसं सांगतोही. शत्रूचं शहर ज्याला उजेडाचं दिसलं तोच समझोता करू शकतो, डोळस निओ तिथे लढायलाच गेला असता. तमसो मा ज्योतिर्गमय म्हणत असताना पडद्यावर पाऊस आणि अंधार आहे, आणि सिनेमाचा शेवटचा प्रसंग सूर्योदयाचा आहे, तोही सती नावाच्या प्रोग्राम-मुलीने निओसाठी बनवलेला. हे योगायोगाने होत नाही.

तळजाई, तुम्ही स्टेशनचा भाग अडथळ्यात धरलात ते मला लागलं. रामा-कांड्रा, कमला आणि सती हे कुटुंब म्हणजे मला या भागाचा गाभा वाटतो. आई-बाप दोघं प्रोग्राम, बाप पॉवर प्लँटच्या रिसायकलिंगचं काम बघणारा, आणि त्यांना झालेली मुलगी जिला काही नेमून दिलेलं काम नाही, म्हणून ती पुसली जाणार. ते तिला चोरून मॅट्रिक्समध्ये आणतात, स्वतः परत जातात, आणि ती ऑरॅकलकडे राहते. निओ चकित होतो की प्रोग्राम प्रेमाबद्दल कसा बोलतो. तो बाप शांतपणे सांगतो की त्यामागचं नातं महत्त्वाचं, निओला ते नातं ओळखू येतंय यावरून त्याचंही कुणाशी आहे. तोपर्यंत मशीन म्हणजे शत्रू एवढंच निओला माहीत होतं. हा प्रसंग नसता तर तो मशीन्सच्या शहरात बोलणी करायला गेलाच नसता. शिवाय त्या काळच्या अमेरिकन सिनेमात भारतीय कुटुंब विनोदासाठी नाही, बाबा-गुरू म्हणून नाही, आपल्या लेकराला वाचवायला निघालेले साधे लोक म्हणून दाखवलंय.

तळजाई

अनुष्टुभ, स्टेशनच्या प्रसंगातलं बोलणं मलाही आवडतं, माझी तक्रार त्याच्या आजूबाजूच्या धावपळीबद्दल आहे. स्टेशनची गाडी चालवणारा ट्रेनमन, क्लब, बंदुका रोखून उभं राहणं, हे सगळं निओला त्या स्टेशनातून काढण्यासाठी, आणि निओला तिथे अडकवलं कुणी तर लेखकांनीच. तुम्ही आंधळेपणाचा आणि बोलणी करण्याचा जो संबंध लावलात तो मात्र मी असा जोडला नव्हता, आता ते शहर बघताना हेच दिसणार.

निळी गोळी, पहिल्या मुद्द्यावर. उत्तर तोकडं आहे हे मान्य. पण खरं जग हाही मॅट्रिक्सचा थर निघाला असता तर काय झालं असतं विचार करा. मग झायनमधली माणसं मेली काय नि जगली काय, सगळंच खोटं. ट्रिनिटीचं मरणंही खोटं. तिसऱ्या भागात जी काही वेदना आहे ती हे जग खरं आहे म्हणूनच आहे. अर्थात स्पष्टीकरण ऑरॅकलने खुर्चीत बसून द्यायला नको होतं, निओला ते करता करता कळायला हवं होतं.

दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. एक तरी मशीन स्मिथच्या ताब्यात गेलेलं दिसायला हवं होतं.

घाटवाट

समझोत्याबद्दल थोडं लिहितो, कारण "हे काय, शेवटी जिंकलेच नाहीत" ही तक्रार मी आपल्याच लोकांकडून सगळ्यात जास्त ऐकलीय आणि तिचं मला नवल वाटतं.

पुण्यातून पुरंदर दिसतो. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाशी महाराजांनी तिथे तह केला, २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख दिला, १२ किल्ले ठेवले. आपण शाळेत हे शिकतो तेव्हा कुणी म्हणत नाही की महाराज हरले. माणसं वाचली, वेळ मिळाला, राज्य शिल्लक राहिलं असंच आपण समजतो. १६७० ला सिंहगड परत घेतला ते आधी तह केला म्हणून. मग निओच्या तहावर राग का? झायनची दारं तुटलेली, सगळे लोक देवळाच्या गुहेत गोळा झालेले, बाहेर सेंटिनल्स. अशा वेळी माणसं जिवंत ठेवणं हाच विजय आहे. आर्किटेक्ट ऑरॅकलला विचारतो की ही शांतता किती टिकेल, ती म्हणते जेवढी टिकेल तेवढी. मला हा शेवट मोठ्या माणसांसाठी लिहिलेला वाटतो.

एक तक्रार मात्र माझीही आहे. ॲनिमॅट्रिक्स या ॲनिमेशन लघुपटांच्या संचातले सेकंड रेनेसाँचे दोन भाग ज्यांनी बघितलेत त्यांना माहितीये की सुरुवातीला मशीन्सनीच माणसांकडे सोबत राहायची परवानगी मागितली होती, संयुक्त राष्ट्रांत सदस्यत्वासाठी अर्ज केला होता, आणि माणसांनी तो फेटाळला, मग युद्ध झालं, आकाश काळं केलं तेही माणसांनीच. हे माहीत असेल तर निओचा समझोता म्हणजे फार जुनी चूक दुरुस्त करणं आहे. पण हे मुख्य सिनेमात नाहीच! किडची गोष्टही ॲनिमॅट्रिक्समध्ये, नायोबीचा निम्मा भाग एंटर द मॅट्रिक्स गेममध्ये. तेव्हा आमच्याकडे ना तो गेम होता ना ती डीव्हीडी. नुसतं तिकीट काढून आलेल्या माणसाला अर्धीच गोष्ट मिळाली.

मृद्गंध

घाटवाट, तहाचं पटलं. पण मला ट्रिनिटीबद्दल बोलायचंय आणि थोडं रागाने बोलायचंय.

पहिल्या सिनेमाचा पहिला प्रसंग तिचा आहे. निओ कोण हे कळायच्या आधी आपण तिला हवेत उडी मारून थांबलेलं बघतो. तिसऱ्यात ती निओला सोडवायला जाते, निओला घेऊन उडते, निओसाठी मरते. तिला स्वतःचं म्हणून काय हवंय हे एकदाही विचारलं जात नाही. ट्रिनिटी झालेली कॅरी-ॲन मॉस प्रत्येक प्रसंगात जीव ओतते म्हणून ते झाकलं जातं. निळी गोळी म्हणतात मरणाचा प्रसंग लांबला, मला वाटतं तो लांबला कारण तिला आधी काही बोलूच दिलेलं नव्हतं, सगळं शिल्लक शेवटी एकदम काढलं.

आणि तरीही, त्याच्या जरा आधीचा तो क्षण. सेंटिनल्सपासून सुटायला ती लोगोस जहाज सरळ वर घेते, काळ्या ढगांतून, विजांतून, आणि काही सेकंद ढगांच्या वर. सूर्य. त्या जगात कित्येक पिढ्यांत कुणी सूर्य बघितलेला नाही. निओ शेजारी बसलाय पण त्याला डोळे नाहीत. हे फक्त तिलाच दिसतं. ती एकच शब्द बोलते आणि जहाज खाली पडायला लागतं. अख्ख्या मालिकेत तिला एकटीला मिळालेली ही एकच गोष्ट आहे, आणि ती इतकी सुंदर आहे की मला अजूनच राग येतो की असं आधी का नाही दिलं.

नायोबीचं रीळ यांनी लिहिलंच आहे. जेडा पिंकेट स्मिथला या भागात सगळ्यात नीट लिहिलेलं पात्र मिळालंय. तिचा तारणहाराच्या भविष्यवाणीवर विश्वास नाही, तरी ती निओला स्वतःचं जहाज देते.

आणि ऑरॅकल. ग्लोरिया फॉस्टर २००१ मध्ये गेल्या, रीलोडेडमधला त्यांचा भाग तोपर्यंत झालेला होता, तिसऱ्यासाठी मेरी ॲलिस आल्या. गोष्टीतच घेतलं की निओला मदत केल्याची किंमत म्हणून तिला जुनं रूप गमवावं लागलं. अभिनेत्री जाणं ही केवढी अडचण, आणि ती त्यांनी गोष्टीला शोभेल अशी सोडवली. मेरी ॲलिसचा तो स्वयंपाकघरातला प्रसंग बघा, स्मिथ समोर येतो आणि ही हलत नाही. तरीसुद्धा पहिल्या ऑरॅकलची ती मिश्कील ऊब कमी पडते हे खरं. आधीच्या दोन भागांत आपण जिच्यावर जीव लावला ती बाई शेवटी तिथे नसते.

रीळ

मृद्गंध, सूर्याच्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के. तो शॉट आल्यावर संगीतही जवळपास गप्प होतं, लक्ष द्या.

शेवटच्या मारामारीवर एक तांत्रिक तक्रार नोंदवतो. पहिल्या भागात मारामाऱ्या बसवणाऱ्या युएन वू-पिंगने नटांकडून महिनोन्‌महिने सराव करून घेतला होता, त्यामुळे त्या डोजोमध्ये, म्हणजे सरावाच्या आखाड्यात, निओ झालेला कियानू रीव्ह्ज मार खातो तेव्हा वजन जाणवतं, दम लागलेला दिसतो. तिसऱ्यात निओ आणि स्मिथ हवेत एकमेकांवर आदळतात, पाण्याचे गोळे फुटतात, इमारतींच्या काचा जातात, आणि अंगाला काही लागल्याचं वाटत नाही. संगणकाने काढलेल्या शरीरांना तेव्हा वजन देता येत नव्हतं. पावसाच्या धारा मॅट्रिक्सच्या कोडसारख्या पडतात ही कल्पना अप्रतिम, खड्ड्यातला चिखलातला भाग तर त्याहून चांगला, कारण तिथे दोघं जमिनीवर आहेत आणि चेहरे खरे आहेत. मधला हवेतला भाग मी निम्मा केला असता.

आणखी एक माहिती. २००४ च्या डीव्हीडी संचात प्रत्येक सिनेमावर दोन स्वतंत्र समालोचनं आहेत. एक कॉर्नेल वेस्ट आणि केन विल्बर या सिनेमा आवडलेल्या दोन तत्त्वचिंतकांचं, दुसरं न आवडलेल्या तीन समीक्षकांचं. दिग्दर्शकांनी स्वतः काही बोलायचं टाळलं आणि दोन्ही बाजू प्रेक्षकांपुढे ठेवल्या. वेस्ट तर झायनच्या कौन्सिलमध्ये छोट्या भूमिकेतही आहेत. समीक्षकांचं समालोचन ऐकताना मला त्यांचे बरेच मुद्दे पटले, पण शेवटच्या वीस मिनिटांना त्यांनी पुरेसा वेळ दिला नाही असं वाटलं.

सुरवंट

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान आहे, तिन्ही सिनेमे याच वर्षी ओळीने बघितले, दोन दिवसांत. मला एक वेगळंच जाणवलं. ओळीने बघितलं की तिसरा तेवढा खटकत नाही, कारण दुसऱ्याच्या शेवटानंतर थांबावं लागत नाही. २००३ ला ज्यांनी सहा महिने डोक्यात कोडी सोडवली त्यांना लढाई मिळाली म्हणून ते चिडले असणार. रीलोडेडने जगभरात ७४ कोटी डॉलर कमावले आणि रेव्होल्यूशन्सने ४२ कोटींच्या आसपास, एवढे लोक दुसऱ्यानंतर परत आलेच नाहीत.

पण मला मॉर्फिअसचं खूप वाईट वाटलं. शेवटी सेंटिनल्स परत फिरतात, किड ओरडत सुटतो की युद्ध संपलं, सगळे नाचतायत, आणि मॉर्फिअस विचारतो की हे खरं आहे ना. ज्याने पहिल्या भागात खरं म्हणजे काय असं निओला विचारलं होतं तोच आता विचारतोय. तेवढा एक क्षण मला फार आवडला.

२०२१ च्या चौथ्या भागात पुढे जे होतं त्यामुळे या बलिदानाला धक्का लागतो का?

तळजाई

सुरवंट, चौथ्यावर वेगळा धागा काढ, मी नक्की येईन, इथे तीनच धरू. मॉर्फिअसचा तो प्रश्न मी लक्षातच घेतला नव्हता. पण मग माझी तक्रार उलट वाढते, एका ओळीत एवढं जमत होतं तर त्या माणसाला आणखी चार प्रसंग का नाही दिले.

निळी गोळी

सगळं वाचलं. मृद्गंध यांच्या मुद्द्यानंतर ट्रिनिटीच्या प्रसंगाबद्दल माझं मत बदललंय, लांबी हे लक्षण होतं, रोग आधीच्या लिखाणात आहे. घाटवाट यांचं तहाचं पटलं, पण त्याच न्यायाने विचारतो, पुरंदरच्या तहात कुणी किती दिलं हे आपल्याला आकड्यांसकट माहीत आहे. इथे ज्यांना बाहेर पडायचंय त्यांना सोडणार म्हणजे कसं? जी माणसं अजून त्या हौदांत झोपलीत त्यांना मॅट्रिक्स आहे हेच ठाऊक नाही, मग त्यांना विचारणार कोण? मशीन्स? ऑरॅकल? झायनची माणसं पूर्वीसारखी आत जाऊन सांगणार? आर्किटेक्ट फक्त शब्द देतो आणि म्हणतो मी काय माणूस आहे का शब्द मोडायला. वाक्य जोरदार आहे, पण कलम कुठलं? झायनच्या लढाईतली आठ-दहा मिनिटं इकडे वळवून निओने मशीन्ससमोर अटी एकेक करून मांडल्या असत्या, काय देतोय काय मागतोय ते बोलला असता, तर हा शेवट मीही डोक्यावर घेतला असता. या अटींवर कुणाचं काय म्हणणं आहे? अनुष्टुभ, घाटवाट, लिहा.

घाटवाट

निओकडे अटी मांडायला वेळच नव्हता, झायनचं दार पडत होतं. तो फक्त शांतता मागतो. बाहेर पडू देण्याचं नंतर ऑरॅकल आर्किटेक्टकडून वदवून घेते, ते दोघं बागेत बोलतात तो प्रसंग परत बघा. म्हणजे पहिला अर्धा तह निओने केला आणि उरलेला तिने. विचारणार कोण याचं उत्तर सिनेमात नाही हे खरं, पण मला वाटतं ते काम झायनचंच, आता फक्त एजंट, म्हणजे मॅट्रिक्सचे पहारेकरी प्रोग्राम, मागे लागणार नाहीत.

निळी गोळी

एजंट लागणार नाहीत असं कुठे म्हटलंय? तो प्रसंग आज रात्री परत बघतो आणि लिहितो.